पोरांचा चष्म्याचा नंबर वाढतोय? आधी उन्हात सोडा
आमच्या पोरीचा मायनस नंबर (लांबचं अंधुक दिसतं तो) वर्षात पाऊणनं वाढला तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं, बाहेर किती खेळते? तेव्हापासून रोज दोनेक तास दिवसाउजेडी बाहेर, कधी आमराईत कधी कृष्णेच्या घाटावर, सावलीत खेळलं तरी चालतं कारण घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा बाहेरचा उजेड कितीतरी पट जास्त असतो आणि ज्यानं हा नंबर वाढतो ते डोळ्याचा गोळा लांबत जाणं त्यानं मंदावतं. चढलेला नंबर उतरत नाही हं, वाढ कमी होते एवढंच. मोबाइल, पुस्तक हातभर लांब. आणि "सवय लागेल" म्हणून कमी नंबरचा चष्मा देऊ नका प्लीज, त्यानं काही थांबत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी, नंबर वाढणं मंदावणारे ॲट्रोपिनचे थेंब डॉक्टरांनी सांगितले तरच.