जुन्या रिपोर्टातले १२ मीटर

शिसे-चांदी-तांब्याच्या छोट्या प्रॉस्पेक्टवर (खनिज सापडण्याची शक्यता असलेल्या जागेवर) रुजू झालात की आधी जुन्या रिपोर्टांचा गठ्ठा पुढ्यात येतो. अशा जागांचा इतिहास बहुधा एकाच वळणाने जातो. कुणीतरी उघड्या पडलेल्या शिरेवर (खडकातल्या खनिजाच्या पट्ट्यावर) खड्डे आणि एखादा बोगदा खणलेला असतो. धातूंचे भाव चढल्यावर आलेली कंपनी मातीचे नमुने घेते, ट्रेंच (लांब चर) मारते. पुढच्या तेजीत आणखी कुणी आयपी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून सल्फाइड खनिजं शोधणारी पाहणी) करून मोजकी होल्स ड्रिल करतं. भाव पडले की सगळे जातात. गठ्ठा कंटाळवाणा असला तरी वाचाच, फक्त सारांशाचं पान शेवटी वाचा.

सारांशात समजा '१२ मीटर, शिसे ६ टक्के' असं दिसलं, तर ती कोअरमधली (होलमधून काढलेल्या खडकाच्या दांड्यातली) लांबी असू शकते. शिरेची जाडी वेगळी. मी इथेच फसले, म्हणून जरा लांबण लावते.

जाडी शिरेच्या प्रतलाला काटकोनात मोजायची असते. होल तिरपं छेदत गेलं की कोअरमधली लांबी फुगते. समजा शिरा पूर्वेकडे ७० अंशांनी उतरते. पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे ६० अंशांनी होल मारलं, तर दोघांमधला कोन ५० अंश. तेच होल पश्चिमेकडून पूर्वेला मारलं तर कोन उरतो १० अंश, म्हणजे ते शिरेच्या जवळजवळ अंगाअंगानेच खाली जातं. लांबीला या कोनाच्या साइनने गुणा: पहिल्या होलमधल्या १२ मीटरची खरी जाडी ९.२ मीटर, दुसऱ्यातल्या १२ मीटरची जेमतेम २.१. साठ्याच्या हिशोबात जाडी गुणली जाते, त्यामुळे दुसऱ्या होलवरून काढलेलं टनेजही जवळपास सहापट फुगतं. आणि रिग (ड्रिलिंगचं यंत्र) चुकीच्या बाजूला का लावतात? बरेचदा रस्ता त्याच बाजूने असतो म्हणून.

घाबरू नका, गणित शाळेतलं आहे. जुन्या कोअरच्या पेट्या शिल्लक असतील तर शिरेच्या कडेचा कोअरच्या अक्षाशी असलेला कोन स्वतः मोजा. खऱ्या जाडीला एवढा पुरतो, ओरिएंटेड कोअर (जमिनीतल्या मूळ दिशेची खूण केलेला) लागत नाही. पेट्या गेल्या असतील तर ट्रेंचमधली नती (शिरेचा उतार) आणि होलची दिशा वापरा. होलच्या आतला सर्व्हे नसेल तर तेही जपूनच, कारण होल्स वाकतात. जॉर्क कोडच्या (खनिज शोधाचे आणि साठ्यांचे आकडे जाहीर करण्याच्या ऑस्ट्रेलियन नियमावलीच्या) २०१२ च्या आवृत्तीनुसार खरी जाडी माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. त्याआधीच्या रिपोर्टांकडून ही अपेक्षा ठेवू नका.

माझं ठाम मत: पहिल्याच आठवड्यात थ्रीडी मॉडेल करायला लावणाऱ्या वरिष्ठापासून लांब राहा. सॉफ्टवेअर वाकड्या छेदांचाही देखणा फुगा काढून देतं. कोअर शेडमध्ये तासन्‌तास उभा राहणारा माणूस शोधा, मग तो कितीही खेकसो.

जमिनीवरचे नमुनेही फसवतात. शिशाची सेरुसाइट, अँगलसाइट ही ऑक्सिडीकरणातली खनिजं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, म्हणून शिसं वरच टिकतं. जस्त आणि तांबं वाहून जातं. तांबं कधी पाण्याच्या पातळीशी चाल्कोसाइट (तांब्याचं सल्फाइड) होऊन साचतं. त्यामुळे वरचा ग्रेड (धातूचं प्रमाण) खाली तसाच्या तसा धरू नका. पण उलटंही खरं आहे. १८८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलची, पुढे शिसे-चांदीच्या प्रचंड साठ्यासाठी गाजलेली, काळी टेकडी चार्ल्स रॅस्पला कथिलाची वाटली होती आणि सुरुवातीच्या चाचण्यांत चांदी अगदी थोडी निघाली. म्हणून वरचे आकडे फिके दिसले तरी लगेच गाशा गुंडाळू नका. टाकाऊ ढिगाऱ्यावरून निवडून उचललेल्या चमकदार गॅलेनाचे (शिशाच्या मुख्य खनिजाचे) आकडे मात्र सरासरीत घेऊच नका.

चांदी कोणत्या खनिजात आहे ते शिशाबरोबर आणि तांबं-अँटिमनीबरोबर आलेख काढून बघा. तांबं-अँटिमनीबरोबर चढत असेल तर टेट्राहेड्राइटचा (तांबं-अँटिमनीच्या, बरेचदा चांदी धरून ठेवणाऱ्या खनिजाचा) संशय घ्या. त्याआधी '१०,००० पीपीएमहून (दशलक्षात इतके भाग, म्हणजे १ टक्क्याहून) जास्त' असे निकाल शोधा. तो आकडा प्रयोगशाळेच्या पद्धतीची वरची मर्यादा असते आणि डेटाबेसमध्ये कुणीतरी नेमके १०,००० टाइप केलेले असतात. जुने आकडे औंस प्रति टन असतील तर टन कोणता ते विचारा: शॉर्ट टनाला ३४.२९ ने गुणलं की ग्रॅम प्रति टन मिळतात, लाँग टनाला ३०.६१ ने.