मूळची ठेवायची की बदलायची? जुन्या स्पोर्ट्स कारचा निर्णय कसा घ्यावा

जुन्या स्पोर्ट्स कारच्या सीट, छत आणि कार्पेट करणं हा माझा धंदा. इंजिनवाले बोनेट उघडतात, मी कार्पेट उचलते. त्यामुळे 'गाडी कंपनीतून निघाली तश्शी आहे' असं मालक कौतुकाने सांगत असतो, तेव्हा मी बहुतेक वेळा सीटखालच्या पत्र्यावर डोकावणारा दुसराच रंग बघत असते. मग प्रश्न येतो: मूळची ठेवू की मॉडिफाय करू? त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला आहे. मूळचं नक्की काय उरलंय? ते कळेपर्यंत हातात पाना घेऊ नका.

घोळ होतो तो अख्ख्या गाडीबद्दल एकच निर्णय घ्यायला गेल्यामुळे. निर्णय एकेका भागाचा घ्यायचा असतो. एकाच गाडीत सीटचं लेदर जपण्यासारखं, रंग दोनदा मारलेला, इंजिन भलतंच आणि वायरिंग कुणीतरी चिकटपट्टीने गुंडाळलेलं, असं सगळं एकत्र नांदत असतं. तिथे लेदर सांभाळा आणि वायरिंगचं खुशाल हवं ते करा.

आधी झडती

चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचे नंबर टिपून घ्या. जग्वार, एमजी, पोर्शे अशा बऱ्याच गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवरून दाखला काढता येतो. गाडी कुठल्या रंगाची, कुठल्या इंजिनासह बाहेर पडली ते त्यात असतं. पण नंबर जुळले म्हणून हुरळून जाऊ नका. जग्वार ई-टाइपच्या इंजिनाचा नंबर ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य धडावर) आणि हेडवर (त्यावरच्या झाकणावर) ठोकलेला असतो, तर एमजीच्या एमजीबी या मॉडेलचा नंबर ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. पट्टी उचलून दुसऱ्या ब्लॉकवर लावायला कितीसा वेळ लागतो?

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते फिरवा. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. 300 च्या पुढे आकडा गेला की वर दुसरा रंग चढलाय असं समजा, हजारापार गेला की खाली पुट्टी आहे. मात्र जुन्या काळी हाताने मारलेला रंग सगळीकडे सारखा नसायचा, म्हणून एका आकड्यावर भरवसा न ठेवता छत, दारं आणि डिकी यांची आपसात तुलना करा. लोटस एलानसारख्या फायबरच्या बॉडीवर हे साधं यंत्र चालत नाही.

आता माझ्या प्रांतातलं. जिथे कुणी मुद्दाम रंगवत नाही की पुसत नाही, तिथे गाडी खरं बोलते: कार्पेटखाली, दाराच्या पॅडमागे, स्टेपनीच्या खोबणीत. सीटचं कव्हर जिथे पिना मारून बसवलेलं असतं, तिथे भोकांची दुसरी रांग दिसली की कव्हर एकदा तरी बदललंय. दाराच्या पॅडच्या मागच्या बाजूला कधी कधी कारखान्यातल्या कुणीतरी खडूने किंवा पेन्सिलने लिहिलेला नंबर सापडतो. तो पुसू नका, फोटो काढा. सुरुवातीच्या एमजीबींना लेदरच्या सीट होत्या, पुढे रेक्झिन आलं. त्यामुळे 1963 ची गाडी रेक्झिनवर दिसली की मधे कुणाचा तरी हात फिरलाय हे लगेच कळतं. विजेचंही तसंच. 1967 च्या आधीच्या एमजीबीत वीज बनवायला डायनमो आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) असायचं. त्या गाडीत डायनमोच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर दिसला तर तो नंतर आलाय. यात वाईट काही नाही, फक्त माहीत हवं.

हात न लावलेली गाडी

झडतीत गाडी खरोखरच हात न लावलेली निघाली, म्हणजे रंग पहिला, लेदर पहिलं, इंजिन तेच, तर माझं उत्तर सरळ आहे. काहीही बदलू नका आणि 'रिस्टोअर' तर त्याहून करू नका. चकाचक नवा रंग हासुद्धा बदलच आहे आणि तो परत फिरवता येत नाही. इंजिन बदललं तर जुनं कोपऱ्यात ठेवता येतं. घासून काढलेला पहिला रंग कुठे ठेवणार?

2024 साली अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सर्वोत्तम गाडीचा मान 1934 च्या बुगाटी टाइप 59 ला मिळाला. नव्याने न चमकवलेली, झिजलेल्या रंगाची गाडी. जपणूक गटातल्या, म्हणजे रिस्टोअर न केलेल्या, गाडीला तिथे तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. पण मला त्या गाडीची दुसरी बाजू जास्त आवडते. मुळात ती ग्रां प्री शर्यतींची गाडी. शर्यती संपल्यावर कारखान्यानेच सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) काढून तिची रस्त्यावरची स्पोर्ट्स कार केली आणि ती बेल्जियमच्या तिसऱ्या लिओपोल्ड राजाकडे गेली. म्हणजे जपणुकीचा मान मिळवणारी गाडीसुद्धा बदललेलीच. तो बदल तिच्या तरुणपणातला, म्हणून तोच तिचा इतिहास.

हे तुमच्या गाडीलाही लागू पडतं. 1968 साली कुणी शर्यतीसाठी बसवलेला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान), त्या काळातल्या कंपनीची चाकं, क्लबचा बिल्ला, हे सगळं उपटून गाडी 'कंपनीसारखी' करणं म्हणजे मूळ गोष्टच घालवणं. त्या काळातला बदल कुठला आणि गेल्या दशकातली हौस कुठली, हे ओळखायला वेळ द्या. जुने फोटो आणि बिलं इथे कामाला येतात.

लेदरला चिरा पडल्या म्हणून कव्हर बदलायचं नसतं. चीर पडलेल्या जागी मागून पातळ कापड आणि लवचीक गोंद लावून ती धरता येते. तुटलेले टाके जुन्याच भोकांतून पुन्हा घालता येतात. खोबरेल किंवा ऑलिव्हचं तेल मात्र लावू नका, शिलाईचा दोरा त्याने कुजतो. बसकणीखालचा रबराचा पट्टा लोंबला असेल तर तो बेलाशक बदला, तो कुणाला दिसत नाही आणि तुमची कंबर वाचते.

बदलण्याआधी नीट करून चालवा

इंजिन बदलायला निघालेल्या अर्ध्याअधिक लोकांना खरं तर दुरुस्ती हवी असते. गाडी ओढत नाही, अडखळते, वळणावर हेलकावे खाते, आणि खापर फुटतं गाडीच्या वयावर. एसयू कंपनीच्या कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधे (वरच्या नळीवजा भांड्यात) तेल आहे का ते आधी बघा. थ्रॉटलची दांडी झिजून तिथून हवा आत जातेय का? टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कुणी शेवटचं कधी लावलं? सस्पेन्शनचे रबरी बुश कडक झालेत का? आणि टायर. त्यांच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 0911 म्हणजे 2011 चा नववा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असलं जुनं टायर रस्ता धरत नाही आणि मग सगळे म्हणतात, जुन्या गाड्या अशाच. स्टिअरिंग जड आहे अशी तक्रार असेल तर मी आधी टायरची रुंदी विचारते. रुंद टायर घालायचे आणि वर पॉवर स्टिअरिंगचं किट शोधायचं, ही गंमत मी नेहमी बघते.

सगळं कारखान्याच्या मापात आणून एक अख्खा मोसम गाडी चालवा. उन्हात, पावसात, गर्दीत. त्यानंतरही जे खटकतं तेवढंच बदलायच्या यादीत घ्या. यादी फार लहान होते.

परत फिरता येईल का?

यादीतल्या प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लावा: सुटीच्या दिवशी बसून, वेल्डिंग न करता, हे पूर्ववत होईल का? होत असेल तर मला त्यात गैर वाटत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीखाली जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसतं आणि बाहेरून कळतही नाही. (गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर तसंच किट घ्या, उलटं जोडलं की जळतं.) रेडिएटरला विजेचा पंखा, हेडलाइटला रिले, चांगले ब्रेक पॅड, चाकं, हे सगळं त्याच खात्यातलं.

डॅटसन 240झेड हे फार चांगलं उदाहरण. तिच्यात 2.4 लिटरचं एल24 इंजिन येतं. त्याच घराण्यातलं 2.8 लिटरचं एल28 त्याच माउंटिंगवर बसतं. मूळ इंजिन तेल भरून, तोंडं बंद करून कोरड्या जागी ठेवलं, की ताकद वाढली आणि काही गमावलंही नाही. त्याच गाडीत व्ही8 घालायला माणसं पत्रा कापतात, गिअरबॉक्सचा बोगदा रुंद करतात. ते परत येणारं नव्हे.

चाकाच्या कमानी कापून रुंद फ्लेअर (बाहेर आलेल्या कडा) लावणं, छत कापणं, डॅशबोर्डला स्पीकरसाठी भोकं पाडणं, हे सगळं परतीची वाट बंद करणारं. एक प्रकार मला विशेष खटकतो, गाडीला तिच्याच थोरल्या भावंडाचं सोंग देणं. 1974 च्या अखेरीस एमजीबीला अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच झाली. आता लोक पुढचा पत्रा कापून तिथे आधीसारखे क्रोमचे बंपर बसवतात. ऐंशीच्या दशकातली पोर्शे 911 सोलून 1973 सारखी दिसणारी करतात. काम सुबक असतं, दिसतंही देखणं. पण धड ऐंशीची 911 दरवर्षी एक एक करून कमी होतेय, त्याचं काय?

गाड्यांच्या संख्येवरून फसू नका, असं मी म्हणते ते यामुळेच. पोर्शेची 1973 ची कारेरा आरएस 2.7 सोळाशेहून कमी बनली, म्हणून तिला कुणी करवत लावत नाही. एमजीबी पाच लाखांहून जास्त आणि पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 चार लाखांहून जास्त निघाल्या, म्हणून त्यांना सगळे कापतात. परिणाम असा की जिच्या सीटसुद्धा बदललेल्या नाहीत अशी एमएक्स-5 शोधायला बसलात तर भरपूर वेळ जाईल.

कसोटीला अपवाद दोन. पहिला जिवाचा. पेट्रोलचे रबरी पाइप बदलाच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं आणि गळती गरम इंजिनावर होते. एकच सर्किट असलेले ब्रेक (एक पाइप फुटला की सगळेच जातात असे), नसलेले सीटबेल्ट, याबद्दल मूळपणाचा हट्ट धरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पण त्याच्या गाडीत बसतही नाही. बेल्टसाठी बऱ्याच गाड्यांत कारखान्याने मूळ जागा ठेवलेल्या असतात, त्या कार्पेटखाली दडलेल्या असतात, नवं भोक पाडण्याआधी त्या शोधा. दुसरा अपवाद इंजिनाच्या पोटातला. शिसं नसलेल्या पेट्रोलवर एमजीबीच्या लोखंडी हेडमधल्या व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या गोल कडा) झिजतात. तिथे कडक धातूच्या सीट बसवाव्या लागतात. पण हेड काही कारणाने उघडेल तेव्हा करा, त्यासाठी मुद्दाम उघडू नका. जग्वारच्या अॅल्युमिनियम हेडला वेगळ्या सीट पहिल्यापासूनच असतात.

विजेवर चालणाऱ्या रूपांतराबद्दल हल्ली हमखास विचारतात. जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेची भूमिका अशी की विजेवर नेलेली गाडी ऐतिहासिक वाहन राहत नाही, आणि करायचंच असेल तर मूळ भाग जपून ठेवा. मी एवढंच जोडेन, ज्या गाडीचं इंजिन आधीच गेलंय तिच्यावर करा. चालू ई-टाइपवर नको.

आणि जिला आधीच तीन मालकांनी कापलंय, फोडलंय, रंगवलंय, ती गाडी हवी तशी बनवा. तिथे मी स्वतः लाल सीटवर पांढरी शिलाई घालून देईन. वेगवान, थंडगार, रोज वापरायची जुनी गाडी हवी असेल तर अशीच एखादी शोधून विकत घ्या आणि हातातली धड गाडी ज्याला तशी हवीय त्याला द्या.

काही काढलंत तर टाकू नका. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा: कुठून काढला, कधी, कोणते बोल्ट. जुनं सीटकव्हर फाटकं असलं तरी गुंडाळून सुती कापडात ठेवा, प्लास्टिकमधे बुरशी येते. पुढे कुणाला मूळ नक्षी, टाक्यांचं अंतर किंवा लेदरची छटा जुळवायची असेल तर त्या चिंधीसारखा पुरावा दुसरा नाही. उन्हापासून वाचलेली मूळ छटा फक्त तिच्या दुमडलेल्या कडेत शिल्लक असते. बदलांची यादी लिहून विमा कंपनीलाही कळवा आणि गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारी पॉलिसी मिळते का ते विचारा. न कळवलेला बदल दावा करताना नडतो.