गाडीच्या पत्र्यासाठी मोठं वेल्डिंग मशीन घ्यावं का?

ऑगस्ट २०२४मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं, त्यांचा फ्लोअर एकदा मॅटिंग उचलून बघाच. गंजका भाग कापून नवा तुकडा लावायला घेतला, की घरचं छोटं आर्क मशीन (रॉडने वेल्डिंग करणारं) पत्र्याला भोकं पाडतं आणि वाटतं, मशीन कमी पडतंय, २५० अँपिअरचं घेऊ. उलट आहे. भोक पडतं ते ताकद जास्त झाल्यामुळे.

बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमी, फ्लोअर थोडा जाड. २.५ मिमीचा रॉड नीट चालायलाच ६०-७० अँपिअर मागतो. तेवढ्या करंटला पत्रा वितळून गळून पडतो. त्यामुळे मशीनच्या पाटीवरचा मोठा आकडा सोडा. आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, सगळ्यात कमी किती अँपिअरवर टिकतो ते विचारा. गेट, स्टँड, ३ मिमीचे ब्रॅकेट एवढंच काम असेल तर आहे ते मशीन पुरे. वर्षाकाठी एखादं भोक बुजवायचं असेल तर डेंटर स्वस्त पडतो. पत्र्याचं काम सारखं निघत असेल, तरच पैसे घाला, आणि तेही मिगमध्ये, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची बारीक तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या मशीनमध्ये.

मिगला ०.६ किंवा ०.८ मिमी तार, ८०:२० आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड, मिनिटाला ८-१० लिटर. १० लिटरच्या बाटलीत १५० बारला सुमारे १५०० लिटर गॅस, म्हणजे आर्कचे अडीच तास. उकाड्यात पंखा लावलात तर टाक्याला हवेपासून वाचवणारा गॅस उडून जातो आणि टाका स्पंजासारखा सच्छिद्र होतो. बिनगॅसची फ्लक्स तार (गॅसचं काम तिच्या पोटातली पूड करते) वाऱ्यात चालते, पण पातळ पत्र्यावर उष्ण पडते. शिवाय तिला टॉर्च (तार जिच्यातून बाहेर येते ती मूठ) निगेटिव्हला लागते, गॅसच्या तारेला पॉझिटिव्हला. उलटं जोडलं की नुसते शिंतोडे.

ड्यूटी सायकलसाठी, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालतं त्यासाठी, जास्त पैसे मोजू नका. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं सलग, आणि पत्र्यावर तर सेकंदा-सेकंदाचे टाके. घरचा १६ अँपिअरचा सॉकेटही ५० अँपिअरच्या टाक्यांना पुरतो. एक्स्टेन्शन मात्र २.५ चौरस मिमी तांब्याचं, पूर्ण उलगडलेलं.

मकरपुरा जीआयडीसी या बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीकडे मशीन बघायला जाताना ०.८ मिमीचे दोन तुकडे बरोबर न्या. कडा भिडवून दर २५-३० मिमीवर टाका मारायचा, या टोकाला एक, त्या टोकाला एक. सलग ओढलंत तर पत्रा पापडासारखा वाकतो. मागच्या बाजूला किंचित उंचवटा दिसला पाहिजे. मग व्हाइसमध्ये धरून वाकवा: टाका पत्र्यावरून अख्खा सुटून आला तर तो थंड, म्हणजे पत्र्यात नीट न मुरलेला, टाक्याशेजारी पत्रा फाटला तर पक्का. तार पुढे ढकलणाऱ्या रोलरची खाच तारेच्या मापाची आहे ना, तेही बघा. ०.८च्या खाचेत ०.६ची तार घसरते.

गाडीवर हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्थ क्लॅम्प टाक्याजवळ घासलेल्या पत्र्यावर लावा. फ्लोअरखालून पेट्रोलची लाईन जाते. आतलं रबर आणि मॅटिंग हातभर मागे घ्या. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने जागा पुसू नका, तापल्यावर विषारी वायू निघतो. चॅसिस रेल, सस्पेन्शन आणि सीटबेल्टच्या जागा घरी वेल्ड करू नका, मशीन कितीही चांगलं असलं तरी. आणि पावसाळ्यात प्रायमर, सीलर त्याच दिवशी मारा. घासलेल्या पत्र्यावर रात्रीत तांबूस थर चढतो.