अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर लिहिताना या चुका टाळा

‘भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी कराराचा भंग केला’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत आणि कधीकधी छापील लेखांतही आढळते. १९७० मध्ये अंमलात आलेल्या या करारावर भारत, पाकिस्तान आणि इस्रायल यांनी सहीच केलेली नाही. जो करार मान्यच केला नाही, त्याचा भंग कसा होणार? इराणला या तिघांच्या पंगतीला बसवणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. इराण कराराचा सदस्य असल्यामुळेच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक त्याच्याकडे हिशेब मागू शकले.

‘भारताने सही करून अण्वस्त्रधारी राष्ट्राचा दर्जा घ्यावा’ अशी सूचनाही अधूनमधून होते. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेल्या देशांनाच करार हा दर्जा देतो. चीनची चाचणी १९६४ मधली, पोखरणची १९७४ मधली. म्हणजे आज सही करायची तर अस्त्रे मोडीत काढूनच करावी लागेल. दक्षिण आफ्रिकेने तेच केले आणि १९९१ मध्ये ती करारात आली.

मात्र सर्वांत जास्त घोळ ‘दबाव’ या विषयावर होतो. सही न केलेल्या देशावर कराराचे कलम चालत नाही. दबाव येतो तो इंधन, यंत्रसामग्री आणि पैसा यांच्या वाटेने. तारापूरचे उदाहरण पाहावे. १९६३ च्या द्विपक्षीय करारानुसार तेथील दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम पुरवण्याची जबाबदारी अमेरिकेची होती आणि त्या भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखालीही होत्या. तरीही १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने नवा कायदा करून, ग्राहक देशाचे सगळेच अणुप्रकल्प देखरेखीखाली असल्याशिवाय इंधन द्यायचे नाही, अशी अट घातली. भारताने ती नाकारली, पुरवठा रखडला आणि अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य केले. कॅनडाची तक्रार वेगळी होती आणि ती टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: पोखरणच्या स्फोटासाठीचे प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ भट्टीतून आले होते, आणि ती कॅनडाने शांततामय वापराच्या आश्वासनावर दिली होती. भारताने त्या स्फोटाला ‘शांततामय’ म्हटले, कॅनडाला ते पटले नाही. तो वाद द्विपक्षीय आश्वासनाचा होता, प्रसारबंदी कराराचा नव्हे.

१९९८ च्या चाचण्यांनंतर ‘संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले’ असेही लिहिले जाते. सुरक्षा परिषदेच्या ११७२ क्रमांकाच्या ठरावाने भारत व पाकिस्तानचा निषेध केला आणि अण्वस्त्र कार्यक्रम थांबवण्यास सांगितले, पण निर्बंध लादले नाहीत. ते अमेरिकेने स्वतःच्या कायद्याखाली लावले; जपाननेही स्वतःच्या निर्णयाने नवी आर्थिक मदत रोखली. कोणता निर्बंध कोणी लावला हे नोंदवले नाही, तर तो पुढे कोणी आणि का उठवला, हेही सांगता येत नाही.

अणुइंधन आणि अणुतंत्रज्ञान निर्यात करणाऱ्या देशांच्या अणु पुरवठादार गटाने सप्टेंबर २००८ मध्ये भारताला दिलेली सवलत म्हणजे त्या गटाचे सदस्यत्व नव्हे. सवलतीमुळे नागरी प्रकल्पांसाठी इंधन आणि भट्ट्या विकत घेता येतात. व्यापाराचे नियम ठरवताना मात्र भारताला मत नाही, कारण गटाचे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि सदस्यत्वासाठी भारताने २०१६ मध्ये केलेल्या अर्जाला चीनने प्रसारबंदी करारावर सही नसल्याचाच मुद्दा पुढे करून विरोध केला.