पोर्ट वाइनमध्ये मुरवलेली सुकी फळे आणि सणाच्या जेवणासाठी सॉस

पोर्ट वाइन बनवताना पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात, ज्याची सीमा 1756 सालीच आखून देण्यात आली, द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांची तीव्र दारू मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया मध्येच थांबते, फळाची साखर तशीच राहते आणि अल्कोहोलचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांपर्यंत जाते. ही पोर्ट स्वयंपाकात वापरताना म्हणूनच एक पथ्य पाळावे : वेगळी साखर घालण्याआधी चव पाहावी. गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून स्वस्तात मिळणारी गोड लाल वाइन वेगळी असते. ती सॉसला चालेल, पण फळे टिकवण्यासाठी बाटलीवरील अल्कोहोलचे प्रमाण वाचूनच निवड करावी.

नाताळची भेट म्हणून फळे मुरवायची असतील तर निदान तीन आठवडे आधी तयारीला लागावे. काचेची बरणी थंड पाण्यात बुडवून पाणी उकळू द्यावे, दहा मिनिटांनी ती काढून पूर्ण कोरडी करावी. सुके अंजीर 200 ग्रॅम, काळे मनुके 200 ग्रॅम आणि जर्दाळू 100 ग्रॅम घेऊन अंजीर व जर्दाळू यांचे मोठे तुकडे करावेत. स्टीलच्या पातेल्यात 400 मिलिलिटर रुबी पोर्ट (गडद लाल रंगाची पोर्ट), दालचिनीचा एक तुकडा, तीन लवंगा आणि संत्र्याच्या सालीची पांढरा भाग काढलेली पट्टी घालून मंद आचेवर फक्त कोमट करावे. उकळी येऊ देऊ नये, कारण फळांना टिकवणारे अल्कोहोल उडून जाते. बरणीत फळे भरून वर ही वाइन ओतावी. दोन दिवसांत फळे फुगतात आणि वर उघडी पडतात. तेव्हा ती बुडतील इतकी पोर्ट पुन्हा घालावी. बरणी फ्रिजमध्ये ठेवून अधूनमधून हलवावी. लवंगा आठवड्याने काढून टाकाव्यात, नाहीतर इतर कशाचीच चव लागत नाही.

उरलेल्या बाटलीतून बदक किंवा डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर वाढायचा सॉस होतो. मांस भाजलेल्या भांड्यातील चरबी बरीचशी काढून त्यात बारीक चिरलेला एक कांदा परतावा, मग गॅस बंद करून 250 मिलिलिटर पोर्ट ओतावी. चालू आचेवर ओतल्यास वाफ पेट घेऊ शकते. पुन्हा मंद आचेवर ती एकतृतीयांश होईपर्यंत आटवावी, 250 मिलिलिटर मांस शिजवलेले पाणी (स्टॉक) घालून आणखी आटवावे आणि चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहू लागला की उतरवून थंड लोण्याचे दोन-तीन तुकडे घोळवावेत. मीठ शेवटी घालावे, कारण आटताना खारटपणाही वाढतो.

आटवूनही अल्कोहोल पूर्णपणे जात नाही, आणि मुरलेल्या फळांत तर ते जवळजवळ सगळेच राहते. भेटीच्या बरणीला सुबक फीत बांधावी, पण चिठ्ठीवर ‘यात मद्य आहे’ हे ठळक लिहावे आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवण्यास सांगावे.