साइक्स यांच्या वर्णनावरून दख्खनचा मासा ओळखताना

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करता करता इथल्या नद्यांतले मासेही नोंदवले. खुद्री, नुक्ता, कोलस ही मराठी नावे त्यांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली आणि तीच शास्त्रीय नावांत टिकली. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात १८३९ साली छापलेली वर्णने फार त्रोटक आहेत. त्यामुळे १८४१ चा सविस्तर लेखही शेजारी उघडा ठेवा. ‘टॉर खुद्री (साइक्स, १८३९)’ यातला कंस उगाच नाही. मूळ नावात प्रजाती (जातीच्या वरचा गट, genus) बार्बस होती, ती नंतर बदलली, एवढेच तो सांगतो.

बाजारात मेलेला मासा मिळत असेल तर नमुन्यासाठी जिवंत मारू नका. आधी डाव्या बाजूचा फोटो घ्या, कारण रंग लवकर उडतात. डीएनए हवा असेल तर उजव्या पराचा (फिनचा) तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. हे काम मासा फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या रसायनात) घालण्याआधीच करायचे, नंतर तो तुकडा डीएनएसाठी जवळपास निकामी होतो. मग बाजारी फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात मासा बुडवा. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. वीतभर किंवा मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडून चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. आठवड्याने पाणी बदलत दोन दिवस धुवा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

मोजणी नेहमी डाव्या बाजूने करा. पार्श्वरेखेवरचे (अंगाच्या बाजूने शेपटीकडे जाणाऱ्या रेघेवरचे) खवले कल्ल्याच्या झाकणामागच्या पहिल्या खवल्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायचे. शेपूट वाकवल्यावर जिथे घडी पडते, तिथे थांबा. घडीपलीकडचे दोन-तीन खवले धरले की आकडा जुन्या वर्णनाशी जुळत नाही, आणि मग लोक ‘नवी जात’ शोधून काढतात! पाठीवरच्या परातल्या शेवटच्या दोन काड्यांचे मूळ एकच असेल तर त्या एक धरा. लांबी मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या त्याच घडीपर्यंत घ्या.

खुद्रीला मिशांच्या दोन जोड्या आणि मोठे खवले असतात. ओठांवर मात्र भिस्त ठेवू नका. खुद्री ज्या गटातला, त्या महसीरांत एकाच जातीचे ओठ कधी जाड, कधी पातळ असतात. नुक्ता ओळखायला त्यामानाने सोपा, मुस्कटावरची खोल खाच चटकन दिसते.

नावावर शंका उरली तर मासा कुठला, ते पाहा. खुद्रीचे मूळ ठिकाण, म्हणजे साइक्स यांनी वर्णन केलेला मासा जिथला ते, पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा. कावेरीतला नमुना असेल तर पुन्हा सगळी मोजणी करा.