‘ही-मॅन’ पुन्हा पाहताना

लहानपणी जीव लावलेली कार्टून मालिका चाळिशीत पुन्हा पाहायला घेतली की पहिल्या दहा मिनिटांतच विरस होतो, हा बहुतेकांचा अनुभव असतो. चित्रे अडखळत हलतात, खलनायकाचे बेत एखाद्या शाळकरी मुलालाही उधळता येतील असे वाटतात आणि ‘आपण यासाठी गृहपाठ टाकून धावत सुटायचो?’ असा प्रश्न पडून माणूस टीव्ही बंद करतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर ‘ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ पाहिलेल्या माझ्या पिढीच्या बाबतीत तर हे हमखास घडते. ही मालिका पुन्हा पाहण्याची एक रीत आहे आणि ती थोड्या चुका करूनच मला सापडली. गोष्टीत काय घडते याकडे पाहण्याऐवजी ही गोष्ट इतक्या थोड्या साधनांत कशी उभी केली आहे याकडे पाहावे, हे त्या रीतीचे सार आहे.

पाहायला बसण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. वहीचे एक पान घेऊन आपल्याला या मालिकेतले जे जे आठवते ते लिहून काढावे आणि त्यासाठी इंटरनेटची मदत घेऊ नये, कारण एकदा चित्रे डोळ्यांसमोर आली की जुनी आठवण आणि नवी माहिती यांची सरमिसळ होते व ती पुन्हा वेगळी करता येत नाही. माझ्या पानावर मी लिहिले होते की खलनायक स्केलेटरचा रंग राखाडी आहे, ही-मॅन तलवारीने शत्रूंना कापून काढतो आणि त्याला शक्ती देणाऱ्या किल्ल्याचे नाव ‘ग्रे स्कूल’ आहे. तिन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. स्केलेटर निळा आहे आणि त्याची कवटी पिवळी आहे. आमच्या घरचा टीव्ही कृष्णधवल असल्यामुळे मला हे कळायला पंचवीस वर्षे लागली. तलवार उंचावून ही-मॅन होणारा राजपुत्र ॲडम गुलाबी बंडी घालतो हेही तेव्हाच समजले आणि लाकडी फूटपट्टी उंच धरून अंगणात गर्जना करणाऱ्या आम्हा मुलांना हे वेळीच कळले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येऊन गेला. किल्ल्याचे नाव ग्रेस्कल आहे, म्हणजे करडी कवटी, आणि शाळेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अशा चुकांची यादी हाताशी असली की प्रत्येक भागात शोधण्यासारखे काहीतरी मिळते.

त्यानंतर योग्य प्रत मिळवावी. ‘ही-मॅन’ या नावाने शोध घेतल्यास २००२ ची आणि २०२१ ची नवी रूपेही समोर येतात. त्यांची चित्रे अधिक गुळगुळीत आहेत, पण ती आपली मालिका नव्हे. आपल्याला हवी आहे ती १९८३ ते १९८५ या काळातील, फिल्मेशन या अमेरिकन स्टुडिओने केलेली १३० भागांची मालिका. शक्यतो अधिकृत प्रतच घ्यावी, कारण अनधिकृत प्रतींमध्ये शेवटचा उपदेशाचा तुकडा अनेकदा छाटलेला असतो आणि तो आपल्याला लागणार आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे प्रमाण चारास तीन ठेवावे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तरी चालेल. चित्र ताणून पडदा भरला तर मुळातच रुंद असलेला ही-मॅन कपाटाएवढा होतो. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय नव्या टीव्हीत आपोआप चालू असते ती बंद करावी, नाहीतर हाताने काढलेल्या दोन चित्रांच्या मधली चित्रे यंत्र स्वतःच रचते आणि पात्रे पाण्यात तरंगल्यासारखी दिसू लागतात.

पहिल्या बैठकीत दोनच भाग पाहावेत आणि ते सलग पाहावेत. दोनच का, तर तीन झाले की कंटाळा येतो. आणि सलग का, तर एका भागात जे लक्षात येत नाही ते दुसऱ्यात उठून दिसते. ही-मॅन पडद्याच्या डावीकडून उजवीकडे धावतो, ती धाव नीट पाहून ठेवावी. दुसऱ्या भागात तीच धाव, तेच खांदे, तोच केसांचा झोत पुन्हा येईल, फक्त मागचे जंगल जाऊन तिथे वाळवंट आलेले असेल. तो वळून प्रेक्षकांकडे पाहतो ते वळणे, समोरच्या शत्रूला उचलून भिरकावतो ते भिरकावणे, ही-मॅनची साथीदार टीला हिची लाथ, स्केलेटरचे मान मागे टाकून हसणे, हे सारे एकदाच काढून ठेवलेले आणि शेकडो वेळा वापरलेले तुकडे आहेत. ॲडम तलवार उंचावून ही-मॅन होतो ते दृश्य तर मालिकेचा गाभाच. घड्याळ लावून ते किती सेकंद चालते हे मोजावे आणि भागागणिक तेवढे सेकंद नवे चित्र काढण्याचे श्रम वाचले असे समजावे.

हा आळस नव्हता. त्या काळात बहुतेक अमेरिकन स्टुडिओ चित्रांचे काम स्वस्त पडते म्हणून परदेशी पाठवीत असत, तर फिल्मेशनने आपले काम अमेरिकेतच ठेवले होते. आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे तेरा आठवडे रोज नवा भाग दाखवायचा, म्हणजे एका हंगामाला ६५ भाग लागत आणि ते घरच्याच चित्रकारांकडून वेळेत करून घ्यायचे, तर काटकसरीला पर्याय नव्हता. म्हणून महत्त्वाच्या हालचाली खऱ्या माणसांवर चित्रित करून, त्या चित्रफितीवरून रेखाटून घेतल्या गेल्या आणि त्यांचा संग्रह केला गेला. त्यामुळेच ही-मॅनची धाव इतकी वजनदार वाटते, आणि त्याच भागात एखादे दुय्यम पात्र बोलत असताना मात्र त्याचे फक्त ओठ हलतात. चांगले लुगडे फाटेपर्यंत नेसायचे आणि मग त्याची गोधडी शिवायची, हा हिशोब ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना फिल्मेशनची पद्धत समजायला जड जाऊ नये.

या काटकसरीचा माझा आवडता पुरावा ऑर्कोच्या छातीवर आहे. हे उडते, गोंधळ घालणारे जादूगार पात्र खेळण्यांत नव्हते. ते मालिकेसाठी नव्याने घडवले गेले आणि त्याचे आधीचे नाव गॉर्पो असे होते. पण छातीवर इंग्रजी ‘जी’ हे अक्षर काढले तर चित्र उलटे करून वापरता येत नाही, कारण अक्षरही उलटे होते. ‘ओ’ मात्र दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. त्यामुळे नावच बदलले आणि एकाच चित्रात डावीकडे जाणारा व उजवीकडे जाणारा असे दोन ऑर्को मिळाले. हे कळल्यानंतर ऑर्को पडद्यावर आला की माझी नजर आधी त्या अक्षराकडे जाते. मागची रंगवलेली दृश्ये मात्र घाईची नाहीत. दोन चंद्र असलेले आकाश, वाकड्या झाडांची राने आणि ग्रेस्कलचा हिरवट दगड यांवर चित्र थांबवून निवांत पाहावे.

दुसऱ्या बैठकीत एक भाग डोळे मिटून ऐकावा. हा सल्ला विक्षिप्त वाटेल, पण या मालिकेतील जवळजवळ सगळी नेहमीची पात्रे चार माणसांच्या गळ्यातून आलेली आहेत. जॉन अर्विन यांनी ॲडम आणि ही-मॅन दोघांनाही आवाज दिला. ॲलन ओपनहायमर हे स्केलेटर, त्याच्या विरुद्ध पक्षातला मॅन-ॲट-आर्म्स, ॲडमचा भित्रा वाघ क्रिंजर आणि त्याचेच डरकाळ्या फोडणारे रूप बॅटल कॅट असे सगळेच आहेत. टीला, ग्रेस्कल किल्ला राखणारी जादूगारीण, ॲडमची आई राणी मार्लेना आणि दुष्ट ईव्हिल-लिन या चौघी म्हणजे लिंडा गॅरी. ऑर्कोचा आणि राजा रँडॉरचा आवाज स्टुडिओचे प्रमुख लू शायमर यांचा असून श्रेयनामावलीत ते एरिक गंडन या टोपणनावाने आहेत. पडद्यावर जे घनघोर युद्ध चालले आहे ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चौघांनी आपापसांत वाटून घेतले आहे, हे कळल्यावर मालिकेविषयी माझा आदर कमी न होता वाढला.

आता खेळण्यांचा प्रश्न, कारण मोठेपणी तो टाळता येत नाही. मॅटेल कंपनीने ही-मॅनच्या बाहुल्या १९८२ मध्ये बाजारात आणल्या आणि मालिका त्यानंतर आली. अर्ध्या तासाची जाहिरात, अशी तिच्यावर अमेरिकेत झालेली टीका निराधार नव्हती. ती पाहताना एखादे नवे पात्र वा वाहन काही कारण नसताना दिमाखात पुढे येऊन उभे राहिले, तर ते दुकानात होते असे खुशाल समजावे. आमच्यापैकी फार थोड्यांना ती खेळणी मिळाली, त्यामुळे जाहिरात आमच्यावर वाया गेली आणि गोष्ट तेवढी पदरात पडली. दुसऱ्या बाजूला, मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेवर जी बंधने होती ती लेखकांनी मुकाट्याने पाळली नाहीत, त्यांतून वाट काढली. ही-मॅन सजीवावर तलवार चालवत नाही. तो शत्रूला उचलून चिखलात टाकतो, खडक उपटून वाट अडवतो, यंत्रमानवांचा मात्र चुराडा करतो. शेवटी एखादे पात्र प्रेक्षकांकडे वळून त्या दिवसाचा धडा सांगते, तो तुकडा लहानपणी आम्ही पाणी प्यायला उठण्यासाठी राखून ठेवला होता. आता तो संपूर्ण ऐकावा आणि भागात खरोखर तेच घडले का हे तपासावे. काही वेळा धडा एकीकडे आणि गोष्ट दुसरीकडे असते आणि ती फट शोधण्यात गंमत आहे.

भागांची निवड करताना पहिल्यापासून क्रमाने जाण्याची गरज नाही, कारण बहुतेक भाग स्वतंत्र आहेत. ‘प्रिन्स ॲडम नो मोअर’ आधी घ्यावा. आपले वडील आपल्याला ही-मॅनपेक्षा उणे समजतात हे ॲडमला सहन होत नाही, आणि ते सांगावे तर गुपित फुटते. लहानपणी हा भाग मला रटाळ वाटला होता, आता बाप झाल्यावर राजा रँडॉरची चूक स्वतःच्या घरात ओळखू येते. मग ‘टीलाज क्वेस्ट’ पाहावा. टीला आपल्या आईचा शोध घेते, ती जादूगारीणच आहे हे तिला कळते आणि सुरक्षिततेसाठी ते ज्ञान तिच्या मनातून पुसून टाकले जाते. या दोघींचे संभाषण ऐकताना लिंडा गॅरी एकट्याच आई आणि मुलगी होऊन स्वतःशी बोलत आहेत हे ध्यानात ठेवावे. ‘द प्रॉब्लेम विथ पॉवर’ सर्वांत शेवटी ठेवावा. स्केलेटरच्या कपटामुळे आपल्या हातून एक निरपराध माणूस मेला असे ही-मॅनला वाटते आणि तो तलवार खोल दरीत फेकून देतो. एरवी सतत धावणारा नायक इथे खिन्न बसलेला दिसतो, आणि त्या खिन्नतेसाठी संग्रहात तयार तुकडा नसल्यामुळे चित्रकारांना नवे काम करावे लागले असणार, असा माझा तर्क आहे.

मुलांना सोबत घ्यायचे असल्यास एकच पथ्य पाळावे: ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे वाक्य उच्चारू नये आणि मालिकेची वकिली करू नये. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने पहिल्याच भागात विचारले, “बाबा, तोच चेहरा, तेच केस, मग याला कोणी ओळखत कसं नाही?” यावर पटेल असे उत्तर नाही. ॲडम आणि ही-मॅन यांत कपडे आणि किंचित गडद त्वचा एवढाच फरक आहे आणि त्याचेही कारण पुन्हा रेखाटनाच्या काटकसरीत सापडते. मी तिला एवढेच सांगितले आणि ऑर्कोच्या ‘ओ’ची हकिकत ऐकवली. दुसऱ्या दिवशी तिने वहीच्या मागच्या पानावर रेघांच्या जुड्या मारायला सुरुवात केली, ही-मॅन धावला की एक रेघ. चौथ्या भागापर्यंत तिच्या सतरा रेघा झाल्या होत्या, माझ्या चौदाच, आणि राहिलेल्या तीन धावा कुठे सुटल्या हे पाहण्यासाठी आम्हाला तो भाग पुन्हा लावावा लागला.